गाडी न जाणारी वाट

७ एप्रिल, मंगळवार

आणि वर म्हणतात कसे – "उल्का, तुझी तर मजाच आहे, तू गाडीत बसून ये!" मजा! आठ माणसांच्या बॅगा, भाताचा कुकर, आमटीचं पातेलं, लोणच्याची बरणी आणि मी, सगळं एका व्हॅनमध्ये. बाकीचे फ्रान्सच्या कॅनॉलच्या कडेनं सायकली चालवणार, फोटो काढणार, आणि दुपारी बेंचवर बसून म्हणणार – उल्का, वाढ.

कालच्या मीटिंगला चहासुद्धा मीच केला. डॉक्टर सुमंतांनी टीव्हीवर नावं लावली होती. रिटायर झाल्यापासून हा सायकल ग्रुप तेच चालवतात. वर आठ सायकलवाले, त्यात माझा दादा. सगळ्यात खाली – 'जेवण आणि व्हॅन : उल्का, रेखा.' रेखा म्हणजे माझी वहिनी. तिचा गुडघा दुखतो, म्हणून ती व्हॅन चालवणार. तिला चालत असेल. मला कुणी विचारलं?

दादाकडे बघितलं. सख्खा भाऊ! त्यानंच कागद करून मला तीन वर्षांपूर्वी इथे अमेरिकेत, हर्नडनला आणलं. तो म्हणतो, "अगं, तिकडे नुसता ब्रेड आणि चीज. आपल्याला दुपारी गरम वरण-भात लागतो. तुझ्याशिवाय कोण करणार?" झालं! हे माझं कौतुक.

मग डॉक्टरांनी त्या वाटेचे फोटो दाखवले. एका बाजूला पाणी, एका बाजूला झाडं, मध्ये सरळ वाट. पूर्वी घोडे या वाटेवरून बोटी ओढायचे म्हणे. आता फक्त सायकली आणि चालणारे. गाडीला बंदी. मी पातेली घासायची सोडून बघतच राहिले. अगदी फलटणचा आमचा कॅनॉल! फक्त म्हशी नाहीत. तासाच्या भाड्याची सायकल घेऊन, नळीच्या खालून पाय घालून, वाकडी-वाकडी चालवायची मी त्या कॅनॉलवर. शाळा सहावीत सुटली. सायकल नाही सुटली.

मला सायकलवर जायचंय. व्हॅनमध्ये नाही.

८ एप्रिल

भाजी खारट झाली. होऊ दे.

११ एप्रिल, शनिवार

आज कामावर सायकलनं गेले. नेहमीच जाते. पण आज मुद्दाम लिहिते.

मला गाडी चालवता येत नाही. या देशात गाडी येत नाही म्हणजे लंगडीच. दूध आणायचं तरी दादाचं तोंड बघा, डॉक्टरकडे जायचं तर वहिनीचं. पहिलं वर्षभर खिडकीत बसून काढलं. मग गराजमध्ये भाचीची, नैनाची, जुनी जांभळी सायकल सापडली. आणि घरामागे हा ट्रेल! पूर्वी रेल्वे जायची, आता रूळ काढून रस्ता केलाय. गाडी नाही, सिग्नल नाही, कुणाला विनंती नाही. ज्या दुकानाच्या किचनमध्ये मी पोळ्या लाटते, त्याच्या मागच्या दारापर्यंत थेट जातो. मधे कुठे गाड्यांचा रस्ता आडवा येतो तेवढंच थांबायचं.

सकाळी थंडी होती. झाडं गुलाबी झालीत. नाक वाहत होतं आणि मी गात होते. गाणं कुठलं ते विचारू नये, सूर तर नाहीच. समोरून एक म्हातारी पळत आली, हात केला. मी पण केला. पडता पडता वाचले!

दुपारी डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, मी सायकलवर येते.

"उल्काताई, रोज पन्नास किलोमीटर आहे. जमेल?"

"तुम्हाला जमेल?"

हसले. म्हणाले, पुढच्या शनिवारी रंगीत तालीम आहे. ट्रेलवर, अगदी फ्रान्ससारखं, गरम जेवणासकट. "तेवढी व्हॅन सांभाळा, मग बघू."

बघू! मोठ्या माणसांचा 'नाही' असाच असतो.

१२ एप्रिल

वहिनी बोलत नाही. "तू सायकलवर गेलीस तर मी व्हॅनमध्ये एकटी काय करू?" एवढंच म्हणाली आणि कपाट आवरायला लागली. आवरलेलंच कपाट.

१८ एप्रिल, शनिवार

आज!! हात दुखतायत पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

पहाटेपासून रांधलं. भात, आमटी, पोळ्या, बटाट्याची भाजी. आठही जण नवीन कपडे घालून निघाले, दादाची चड्डी तर इतकी घट्ट की मी तिकडे बघितलंच नाही. मागून आम्ही दोघी व्हॅनमध्ये. नैनाची सायकल मी व्हॅनच्या मागे लावून घेतली. उगीच. म्हणजे उगीच नाही.

जेवायची जागा म्हणजे ट्रेलवर एक लाकडी छप्पर, खाली टेबल. फोननं आम्हाला नेलं ते घरांच्या एका रांगेमागे. पुढे कुंपण. कुंपणापलीकडे ट्रेल दिसतोय, पण जाणार कसं? वहिनीनं वळवलं. दुसरा रस्ता. तिथे गाडी आत जाऊ नये म्हणून खांब रोवलेले. परत वळवलं. फोनवरची बाई थकून गेली पण आम्ही पोचलो नाही. आमटी माझ्या पायाशी डुचमळत होती.

दादाचा फोन. "कुठे आहात? पोटात कावळे ओरडतायत!"

वहिनी ओरडली, "अरे पण रस्ता कुठाय?"

मागून डॉक्टरांचा आवाज आला, "रस्ता नसतोच! तीच तर गंमत आहे, इथे गाडी येऊच शकत नाही!"

आणि मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

चार महिने मीटिंगा! गाडी न जाणारी वाट शोधली आणि तिच्यावर गाडीतून जेवण मागवलं! पण खरं सांगायचं तर मला तरी कुठे सुचलं होतं? मीच जाड बुडाचं पातेलं घेऊन बसले होते की.

उतरले. भाताचा डबा हँडलला, पोळ्या पाठीवर, भाजी पुढच्या जाळीत. वहिनी म्हणाली, "आणि आमटी?" म्हटलं, "तू आणि आमटी इथेच थांबा." खांबांच्या मधून सायकल काढली आणि सुटले!

काय सांगू. ऊन, वारा, खाली गुळगुळीत रस्ता. इथे पुढच्याला ओलांडताना 'ऑन युअर लेफ्ट' ओरडायची पद्धत आहे. मी "बाजू! बाजू!" ओरडत गेले, सगळे बरोबर बाजूला झाले. एका कुत्र्यासाठी ब्रेक दाबला आणि गवतात पडले. गुडघा फुटला. भात वाचला. उठून परत निघाले.

मी दिसले तशी आठही माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. मला की पोळ्यांना, देव जाणे. दादा म्हणतो, "भात कोरडाच?" म्हटलं, "आमटी पार्किंगमध्ये आहे. जा, आण."

कुणी गेलं नाही. कोरडा भात भाजीशी खाल्ला गपचूप.

परत येताना व्हॅनमध्ये बसले नाही. त्यांच्याबरोबर घरापर्यंत आले. शेवटच्या चढाला दादाला मागे टाकलं. मागून ओरडत होता, "उल्के, थांब, उल्के!" थांबते कशाला!

१९ एप्रिल

डॉक्टरांचा फोन, आनंदात. "उल्काताई, तुम्ही सायकलवर! नक्की! मागे दोन मोठ्या पिशव्या लावू. एकीत छोटा कुकर, एकीत डाळ-तांदूळ."

म्हणजे व्हॅनमधून काढून गाढव केलं.

दादा म्हणाला, "अगं, सायकल मिळतेय ना? मग?" म्हटलं, "मग तू लाव पिशव्या." तर म्हणे माझी पाठ.

पाच तारखेपर्यंत नक्की काय ते कळवायचंय.

२२ एप्रिल, बुधवार

सकाळी गराजमध्ये गेले तर वहिनी. पायात नवेकोरे बूट. सायकलच्या हँडलला हात लावून उभी.

"उल्का, यांना सांगू नकोस."

"काय?"

"मला सायकल येतच नाही."

आणि गुडघा? गुडघा ठणठणीत! ग्रुप सुरू झाला तेव्हा सगळ्या बायका निघाल्या हेल्मेट घालून. हिला सांगायची लाज वाटली, तेव्हा गुडघा पुढे केला. मग दरवेळी लंगडावं लागलं. "परवा तू खांबांतून निघून गेलीस ना," म्हणाली, "मी आमटीकडे बघत बसले. इतका राग आला. तुझा नाही. आमटीचा."

मी इतकी हसले की खाली बसले. ती आधी चिडली, मग ती पण बसली. दोघी गराजच्या फरशीवर, हसतोय आपल्या!

मग पाना घेतला आणि पेडल काढून टाकले.

"अगं, मोडतेस काय!"

"वहिनी, आधी पायांनी ढकल. तोल आला की पेडल परत लावू."

चर्चचं पार्किंग आठवडाभर रिकामंच असतं. तिथे नेली. बासष्ट वर्षांची बाई, सिल्कचा स्कार्फ बांधून, बदकासारखी चालली होती!

२३ एप्रिल

बदक. पण पाय उचलते.

२६ एप्रिल, रविवार

चर्चमध्ये आज माणसं असणार, म्हणून सकाळी लवकर थेट ट्रेलवर नेलं. पेडल लावले.

पहिल्यांदा झुडपात. दुसऱ्यांदा माझ्या अंगावर. शिव्या मला! "तुला शिकवता येत नाही, तुला धीर नाही!" नाहीच आहे. मी म्हटलं, "पुढे बघ, चाकाकडे काय बघतेस, पळून जातंय का ते?" तिसऱ्यांदा गेली. खरंच गेली! ती पुढे, मी मागे पळतेय, दमले, थांबले, आणि ती जातेच आहे. लांबून ओरडली, "थांबायचं कसं?"

ते सांगायचं राहिलंच होतं.

घरी आलो तेव्हा दादा चहा घेत होता. वहिनीच्या केसात पानं. म्हणाला, "गुडघा कसा आहे?" ती म्हणाली, "माझा बरा आहे. तुमचा?"

रात्री नैनाला फोन लावला. तिनं कॉम्प्युटरवर सगळं शोधून दिलं. सायकली तिकडेच भाड्यानं मिळतात. आणि बॅगा एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला पोचवणारे लोकसुद्धा असतात! "आत्या, व्हॅन वॉज नेव्हर नीडेड," म्हणाली. मी तिला सगळं परत एकदा सावकाश सांगायला लावलं आणि वहीत उतरवून घेतलं.

३० एप्रिल, गुरुवार

डॉक्टरांना सांगितलं, माझं नाव काढा. सायकलवरूनही काढा. दादा म्हणाला, "एवढं भांडून?" हो. एवढं भांडून.

मग वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, सप्टेंबरमध्ये, त्यांच्या आधी एक आठवडा, त्याच वाटेवर आपण दोघीच जाऊ. झेपेल तेवढं चालवू, मिळेल ते खाऊ. माझा पासपोर्ट भारताचा, सोमवारी मी व्हिसासाठी अर्ज करणार, त्यात मुक्काम लिहावे लागतात. खोली एकीची घेऊ की दोघींची? रविवार संध्याकाळपर्यंत सांग. आणि 'यांना विचारते' हे उत्तर मी धरणार नाही.