सप्तर्षींजवळची दीर्घिका

मिल्टन कीन्स,
१० फेब्रुवारी २०२६

चि. मिलिंद,

आशीर्वाद आहेतच, पण आज जरा आखडत्या हाताने.

रविवार, ८ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. मी आंघोळीला गेले आणि तू बाबांची दुर्बीण गाडीत घालून बर्मिंगहॅमला नेलीस. फ्रिजवर चिठ्ठी: 'सॉरी आई, तुझ्या सेफ्टीसाठी.' आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर फिलोमिना सांगायच्या, सॉरी म्हटलं तरी चोरी ती चोरीच.

बाकी ठीक. इथे गारठा आहे, कचऱ्याचे बिनवाले पुन्हा आले नाहीत. तनूचा खोकला कसा आहे? काल तिनेच फोनवर सांगितलं, "आजी, मम्मी म्हणाली, आईंना समोरचा माणूस दिसत नाही, मग गॅलेक्सी कशी दिसणार?" माझी नात खोटं बोलत नाही, हे तुमचं दुर्दैव.

तर ऐक. सूनबाईंचं अर्धं बरोबर आहे. हॉस्पिटलमध्ये जे सांगितलं, ते मी तुला सगळं सांगितलं नव्हतं. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग आहे, तो वाढणार. रविवारी तू दारात उभा होतास आणि चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं. आवाजावरून म्हटलं, "आलास का?"

पण सप्तर्षींजवळची ती सर्पिल दीर्घिका, तनूची गॅलेक्सी, इतकी फिकी की रोखून पाहिलं तर नाहीशीच होते. बाबा पाहुण्यांना सांगून थकायचे, "अहो, तिच्याकडे नका पाहू, तिच्या शेजारी पाहा." लोक दोन मिनिटं धडपडून खोटंच 'वा वा' करायचे. मला आता शेजारचंच तेवढं दिसतं. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी सातला पलीकडच्या मालविकाने दुर्बीण लावून दिली आणि पहिल्या झटक्यात दिसली! तो अंडाकृती उजेड, मध्ये जरा दाट. मालविका अजून शोधतच होती.

अंधारात पायरीवरून मी पडेन, ही तुझी भीती खोटी नाही. मलाही वाटते. रेलिंग लाव, मी कुरकुरणार नाही. तुमच्याकडे राहायला येण्याचंही बोलू. पण जे अजून दिसतंय, ते माझ्यापुढून उचलून नेऊ नकोस रे.

दुर्बीण कधी परत आणतोस ते लेखी कळव. फोनवर तू मला गुंडाळतोस. शुक्रवार, २० फेब्रुवारी, दुपारी बाराच्या आत उत्तर हातात हवं. काळ्या जाड पेनने, मोठ्या अक्षरांत लिही. तुझं पत्र मला दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यायचं नाही.

तुझी,
आई