बाबांच्या दुकानापुढचं पाणी

इतवारी, नागपूर
१४ मार्च १९७४

तीर्थरूप आईस मनोहरचा नमस्कार.

काल रजिस्ट्री झाली. बाबांचं दोरखंडाचं दुकान आता हरिभाऊ निनाव्यांचं. ते तिथं पंपांचे पाईप विकणार आहेत. माणूस सभ्य आहे, तू काळजी करू नकोस. कुसुममावशी मला दोन्ही वेळ पोटभर जेवू घालते. तुझे गुडघे कसे आहेत? तेल कोमट करूनच लावून घे.

हे लिहिणार नव्हतो, पण तुला नाही तर कोणाला सांगू?

आज सकाळी चहा घ्यायला निघालो आणि दुकानापाशीच पोचलो. कुलूप होतं. शेजारच्या पानठेल्यावरून बादली मागून घेतली, दारापुढे पाणी शिंपडलं, उंबरठ्याला हात लावून कपाळाला लावला. बाबा रोज करायचे तसंच.

भिलाईहून मी दर सुट्टीत यायचो, तेव्हा बाबा जेवताना विचारायचे, "उद्या दुकान उघडाले येशील का गा?" तुला आठवतं ना, मी काय सांगायचो? सकाळची गाडी आहे. कधी ती खरंच असायची, कधी दुपारची असायची.

मागे वळलो तर हरिभाऊ चपला काढून उभे होते, हातात किल्ली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागू लागलो, तर म्हणाले, "होऊ द्या ना भाऊ, मी थांबतो. उद्या बी याल काय?"

मी म्हणालो, "उद्या सकाळची गाडी आहे."

तुझा,
मनोहर