शिवमचं पहिलं धनुष्य

बुलडाणा, १२ जानेवारी २०२५

चि. दीपकास अ. उ. आ.
सौ. काजलले आन् शिवमले माही आठवण सांग. सात वर्षांचं पोरगं धनुष्य पाहिजे म्हणून रुसून बसलं, हे वाचून मैदानावर मी धनुष्यबाण शिकवते त्या पोरींले सांगितलं की भाचा आत्यावर गेला. तू मात्र बाजारातून चकचकीत काही उचलून आणू नको. बैल घेतानाही तू आधी शिंगंच पाह्यतोस.

पहिलं धनुष्य हलकं पाहिजे. दोरी हनुवटीपर्यंत ओढून घडीभर धरता आली, तं ते त्याचं. हात थरथरला, तं भारी. आमच्या शेजारचे उत्तमराव वरवटले येऊन राह्यले, त्यांच्यासंग एक लहान, एक मोठं, अशी दोन धनुष्यं पाठवते. बाण इतक्यात देऊ नको.

लोभ ठेव, आन् मले पाहुणी समजू नको.
तुझी ताई, पुष्पांजली

वरवट बकाल, २० जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.
इकडे तूर सोंगून झाली. शिवमच्या बाबतीत लिहितो, फोनवर सांगता येत नाई. तो जवळच असते.

मोठं धनुष्य तं हाललंच नाई. लहानाची दोरी वीतभर आली आन् हात खाली पडला. मी म्हणलं, आळस करून राह्यला. तो म्हणे, धनुष्यच खराब आहे. मंग शेजारच्या पाच वर्षांच्या पोरीनं तेच ओढून दाखवलं. शिवमनं धनुष्य बाजूले सारलं. खाली बसला होता, उठाले लागला तवा मी पाह्यलं. हात आधी गुडघ्यावर, मंग मांडीवर, असा आपल्याच अंगावर चढत उठला. काजल म्हणे, दिवाळीपासून असाच उठते. पोटऱ्या तं चांगल्या भरल्या दिसतात, मंग काऊन असं?

तुह्या पत्राच्या वाटेवर,
दीपक

बुलडाणा, २४ जानेवारी

चि. दीपकास आशीर्वाद.
ते लहान धनुष्य आमच्याकडं सगळ्यात हलकं आहे. त्याले रागावू नको. अकोल्याले लेकरांच्या डॉक्टरले दाखव, आन् तो कसा उठते हे त्यांच्यासमोर दाखवाले लाव. थांबू नको.
ताई

वरवट बकाल, २ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.
तपासणीचा निकाल आला. स्नायूंचा आजार आहे, जन्मापासूनचा. औषधानं आजार हळू वाढेल, पण जाणार नाई. डॉक्टर म्हणाले, काही वर्षांनी चालणं बंद होईल.  परतताना नांदुऱ्याले गाडीतून उतरल्यावर काजल म्हणे, आता त्याले धनुष्य नाई म्हणू नका.

डॉक्टरले विचारलं, तं थकू न देता खेळू द्या म्हणाले. मंग मी बांबू फोडला. तासत गेलो, त्याच्या हातात देत गेलो. पार पतंगाच्या कामटीएवढा बारीक झाला, तवा दोरी हनुवटीले लागली. काडीचा बाण अंगणातच पडत होता. मी उचलून देत होतो, तो सोडत होता. लई दिवसांनी हासला.

जेवताना त्यानं विचारलं, पुढच्या वर्षी याच्याहून मोठं घेऊ ना. मी हाव म्हणलो. काजल ताटावरून उठून गेली. तुले बी तो विचारील, ताई. तू बी हावच म्हणजो.

आमच्यावर माया असू दे.
तुझा दीपक