नरसिंहाचा पाय

दादा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की ज्याच्याशी तुमच्याबद्दल दोन शब्द बोलावे असं माणूस आता गावात उरलं न्हाई. म्हणून मी, तुमची लेक, तुमच्याशीच बोलायला बसले. अक्षर वेडंवाकडं आहे, पण तिसरीत शाळेतून मला तुम्हीच काढलं, तवा नाव ठेवायचं काम न्हाई.

हल्ली मी जालन्याला नातीकडं असते. परवा तिनं मला सिनेमाला नेलं. पुढल्या काळातला सिनेमा, म्हणे. पुढला काळ म्हणजे काय, तर आभाळातून राख पडून राह्यली, माणसं लोखंडी नळांखाली घुशीसारखी राहतात आणि घोटभर पाण्यासाठी एकमेकाचा गळा धरतात. म्हणलं, ह्याला तिकीट कशाला काढलं? उन्हाळ्यात टँकर आला की आपल्या गल्लीत उभी राहा, फुकट दिसतं. "गप बस ना आज्जी," म्हणाली. हा त्याचा दुसरा भाग. पहिल्या भागात एक म्हातारा होता, पाणी चोरून गरिबाला वाटणारा, नातीचा नि तिच्या मैत्रिणींचा जीव त्याच्यावर. ते काम करणारा माणूस मधल्या काळात खरोखरच वारला. तर ह्या लोकांनी मशीनवर त्याचं तोंड बनवलं, दुसऱ्याच्या धडावर बसवलं आणि केला उभा पडद्यावर. थेटरात निम्म्यांनी शिट्ट्या मारल्या, निम्मे ओरडले, "हा तो न्हाईच!" माझी नात नुसती रडत होती.

घरी आलो तर तिच्या दोघी मैत्रिणी मागं मागं आल्या आणि चहा राहिला बाजूला, भांडणच सुरू झालं. एक म्हणे, "मेलेल्या माणसाला कामाला जुंपलं, लाज न्हाई ह्यांना." दुसरी म्हणे, "तुझं राहू दे, मला तर तो परत भेटला." नात फोनमधलं वाचून दाखवून राह्यली. कोणी लिहिलं, माझं लहानपण नासवलं. कोणी लिहिलं, डोळ्यांत जीव न्हाई. एकानं लिहिलं, खोटा असला तरी चालंल, तिसऱ्या भागातपण आणा. मंग तिघी माझ्याकडं वळल्या. "आज्जी, तू सांग, बराबर कोण?" म्हणलं, "हे भांडण आमच्या गावात कवाच होऊन गेलंय. तुमच्या आया जन्मल्या नव्हत्या तवा."

तुम्हाला ठाऊक न्हाई दादा, कारण ते तुमच्या माघारी झालं. नरसिंह जयंतीला देवाचं सोंग काढायचा मान आपल्या घराकडं. दिवस मावळायला टेकला की संबळ वाजतो, कागदाचा खांब टराटरा फाटतो आणि तुम्ही बाहेर पडता, कागदाच्या लगद्याचा तो सिंहाचा मुखवटा लावून, कमरेला बांधलेला शेला दोघांनी मागून ताणून धरलेला. माय पुढं होऊन ओवाळते. बाया लेकरं पायावर घालतात. आष्टीच्या बाजाराहून येताना गाडीचं चाक पायावरून गेल्तं, तवापासून तुम्ही लंगडायचे. तसेच लंगडत नाचायचे. इतक्या वर्षांत गावानं दुसरा नरसिंह पाहिलाच न्हाई, तर लोकांना वाटायचं देवच लंगडा आहे.

तुम्ही गेल्यावर मुखवटा चुलत्याकडं गेला. माय आता ओवाळायला न्हाई, मला घेऊन बायांच्या मागं उभी. चुलता खांबातून निघाला तो धडधाकट, दोन्ही पायांवर. लोक चिडले. "ह्यो कसला नरसिंह! लंगडत का न्हाई? उतरव त्याचा मुखवटा!" एक म्हातारी तर पायावर घातलेलं नातवंड उचलून घरी निघून गेली. चुलता बिचारा मुखवट्यात रडत होता म्हणतात.

पुढल्या साली तो लंगडत निघाला. काय आरोळी उठली दादा! "आला! आला!" माणसं एकमेकाच्या गळ्यात पडली. मीपण ओरडले, मला वाटलं तुम्हीच. मायनं माझा दंड धरून मला खाली बसवलं. हळूच म्हणाली, "डावा होता." चुलता उजव्या पायानं लंगडत होता. गावात कोणाच्या ध्यानात आलं न्हाई. आजही जे पोरगं मुखवटा चढवतं ते उजवाच पाय ओढतं. कोणी विचारलं तर सांगतात, आमच्या देवाची रीतच तशी.

हे सगळं पोरींना सांगितलं. मंग नातीच्या डोक्यात खूळ शिरलं. "आज्जी, पणजोबांचा फोटो न्हाई ना? नुसतं सांग, तोंड कसं होतं. मी फोनवर बनवते. हलतील, बोलतीलसुद्धा." फोन घेऊन समोर बसली. नाक कसं, विचारलं. मिशी होती का, विचारलं. मी म्हणलं, "मेल्या माणसाची टिंगल करता का गं? उठा, भांडी घासा." तिचं तोंड एवढंसं झालं.

टिंगल कसली दादा. नाक विचारलं की मला मुखवट्याचं नाक दिसतं, मिशी म्हणलं की सिंहाची आयाळ. त्याच्या मागचं तुमचं तोंड काही केल्या आठवत न्हाई. तिनं कोणाचंही तोंड बनवून पुढं धरलं असतं, तर मी "हेच" म्हणाले असते आणि रडले असते. पाय तेवढा विचारला असता तर सांगितला असता.