चौथ्या टप्प्यावरचा म्हातारा

मी, बळवंत नारायण शिरसाठ, वय वर्षे सत्तर, राहणार बस स्टँडच्या मागे, जव्हार, जिल्हा ठाणे, तहसील कचेरीतला निवृत्त अव्वल कारकून आणि त्यानंतर बारा वर्षे व्हिडिओ गेमचा दुकानदार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डावा कान अर्धा गेला आहे, डोकं मात्र जागेवर आहे. कोणी शंका काढील म्हणून डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की दारू पाजलेली नाही. पत्नी सौ. कुसुमावती एवढंच म्हणाली, "एकदाचं लिहून टाका, रोज बोलून दाखवू नका." याला दडपण समजू नये.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, हे मी कचेरीत छत्तीस वर्षं लोकांना सांगत आलो. एकानेही ऐकलं नाही. मीसुद्धा शंभराचा आणला आहे. साध्या कागदावर लिहिलेलं आपल्याकडे कोणी खरं मानत नाही.

कलम १. वरचं राहतं घर, पोस्टातली शिल्लक आणि भांडीकुंडी हे सर्व कुसुमावतीचं. तिच्यानंतर घर मुलगी समृद्धी आणि मुलगा ऋषिकेश यांना निम्मं निम्मं. यात कोणी नाक खुपसू नये. खालच्या गाळ्याचं मात्र वेगळं आहे, त्यासाठी कलम ५ पाहावं. खरं भांडण तिथं आहे.

कलम २. सन १९९६ मध्ये निवृत्त झालो आणि फंडाच्या पैशातून या गाळ्यात दोन टीव्ही, दोन मशीन लावून 'समृद्धी व्हिडिओ गेम्स' काढलं. मेव्हणा म्हणाला, "भावजी, कचेरीत काय रुबाब होता तुमचा! आता माकडाच्या उड्या दाखवणार होय?" हाच मेव्हणा पुढे नऊ वर्षं रोज संध्याकाळी येऊन फुकट खेळून गेला. त्याला काहीही नाही.

पहिलं मशीन आणि त्याचे दोन रिमोट (एकाचं लाल बटण चिकटतं) जामसरच्या पुंजाला द्यावेत. भाताची झोडणी उरकून बाजाराला आला की हा माणूस गाड्यांच्या शर्यतीत कॉलेजच्या पोरांना धूळ चारायचा. आणि पारख तर अशी! मुंबईच्या एका व्यापाऱ्याने मला 'एका कॅसेटमध्ये नऊशे नव्याण्णव खेळ' म्हणून माल दिला होता. पुंजाने चाळिसावा खेळ लावला, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "शेट, ह्यो त मघाचाच हाय. निस्ता सदरा बदललाय."

मग मी अकरा दिवस बसून सगळे नऊशे नव्याण्णव तपासले. कचेरीत करायचो तसा तक्ता केला: अनुक्रमांक, सांगितलेलं नाव, प्रत्यक्ष खेळ, शेरा. खरे खेळ निघाले सात. बाकी सगळीकडे तोच माणूस, कधी लाल सदऱ्यात, कधी हिरव्या, कधी तिसऱ्या टप्प्यापासून सुरू. डब्यावर छातीचा कोट झालेला वीर, मागे आग, घोडे. आत नऊ चौकोनांचा माणूस, त्यातला डोक्याचा चौकोन कोणता ते विचारावं लागायचं. माझ्या लग्नासाठी पाठवलेल्या फोटोत आणि माझ्यात एवढा फरक नव्हता. तक्ता मी रजिस्टर पोस्टाने व्यापाऱ्याला पाठवला. उत्तर आलं, "साहेब, गिऱ्हाईक आकडा बघतं, खेळ नाही बघत." या एका वाक्यावर हा अख्खा धंदा उभा आहे, आणि त्या वाक्याचा मला आजही संताप येतो. ती कॅसेट तक्त्यासह समृद्धीने न्यावी. खोडाळ्याच्या शाळेत तिला टक्केवारी शिकवायला उपयोगी पडेल.

(पुंजाला आधी साक्षीदार करणार होतो. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही म्हटल्यावर तो जो उठला, तो चहासुद्धा न घेता गेला.)

कलम ३. कचेरीच्या धर्तीवर करून घेतलेला माझा गोल शिक्का, ज्याला गाळा मिळेल त्याला. त्याबरोबर जबाबदारीही येते. खेळात मी एकच कायदा मानला: खेळणारा मेला तर स्वतःच्या चुकीने मेला पाहिजे. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. माणूस राक्षसापर्यंत पोचावा आणि टीव्ही काळा व्हावा, ही त्याची चूक नव्हे. म्हणून मी चिठ्ठी लिहून द्यायचो: "सदर इसमाचे तिसऱ्या टप्प्यावर दोन जीव शिल्लक असून ते मागणी केल्यास विनातक्रार द्यावेत." खाली सही, शिक्का, तारीख. मोखाड्याचा एक कंडक्टर असली चिठ्ठी घेऊन तीन वर्षांनी आला होता, तेव्हा मी उभा राहून त्याचे दोन जीव त्याला दिले. गोळी भिंतीतून आली, अशी तक्रार असेल तर मी रीतसर सुनावणी घ्यायचो. लोक हसायचे. हसले तरी येत होते ना!

कलम ४. एक गुन्हा माझ्याही नावावर आहे. सन २००१ मध्ये एका नव्या खेळाची व्यापाऱ्याने इतकी तारीफ केली, की मी न पाहताच दारावर बोर्ड लावला: 'येत आहे! येत आहे! असा खेळ झाला नाही, होणार नाही!' तीन महिने बोर्ड होता. खोडाळ्याहून माणसं जीप करून आली. सूर्यमाळचा सुकऱ्या तर निम्मी वाट पायी तुडवत आला. खेळ सुरू झाला आणि सहा मिनिटांत संपला. सुकऱ्याने विचारलं, "यवडाच हाय?" मी म्हणालो, "एवढाच." तो चिडला नाही. माझं तोंड बघून त्यानेच मला चहा पाजला. दुकानामागची पाण्याची मोठी टाकी सुकऱ्याला पोचती करावी. सूर्यमाळला उन्हाळ्यात तिचं काय मोल आहे ते मी सांगायला नको. भाडं माझ्या शिलकीतून द्यावं आणि माझ्या वतीने माफी मागावी.

कलम ५. आता गाळा. ऋषिकेश अंधेरीच्या एका कंपनीत मोबाईलवरचे खेळ बनवतो. त्याला नोकरी सोडून इथं यायचं आहे. दोन मित्र, तीन कॉम्प्युटर आणि हा गाळा, एवढ्यावर त्याला स्वतःचे खेळ काढायचे आहेत. गाळा नसेल तर बाहेरचं भाडं त्याला झेपणार नाही आणि जन्मभर तिथंच खितपत पडावं लागेल, हे मला ठाऊक आहे. तरीही मी त्याला गाळा देत नाही. कारण लिहितो.

गेल्या दिवाळीत त्याने मला फोन दिला, त्यात त्याने स्वतः बनवलेला 'डोंगरचढ' नावाचा खेळ. तीन टप्पे मी दुपारच्या दुपारी सर केले. चौथ्या टप्प्यावर डोंगराच्या टोकाला एक तिरसट म्हातारा उभा आहे. चष्मा कपाळावर, बनियनला भोक, आणि वरून वहाणा, फायली, तांब्या, हाताला येईल ते फेकतो. त्याला मारता येत नाही, चुकवता येत नाही. दोनशे बारा वेळा मेलो, कागदावर खुणा आहेत. कुसुमावतीने एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "ओळखीचा वाटतो हो." मी म्हणालो, "तुला प्रत्येक माणूस ओळखीचाच वाटतो."

मुलाला विचारलं, "हा पार कसा करायचा?"

"बाबा, तिथंच सगळे अडकतात. दहा रुपयांचा मेसेज पाठवला की तीन जीव मिळतात."

"आणि ते तीन घेतले की पार होतो?"

"नाही. परत मेसेज पाठवतात."

"याला दरोडा म्हणतात, ऋषिकेश."

"कंपनी याला मॉडेल म्हणते, बाबा."

ज्या दुकानात मी वीज गेली तरी जीव परत दिले, त्याच दुकानात वाढलेल्या मुलाने जीव विकावेत! तो निघून गेला तरी मी दारात उभा राहून बोलत होतो. सहा महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. म्हणून सदर गाळा, मोजमाप सिटी सर्व्हेच्या उताऱ्याप्रमाणे, मी समृद्धीला देत आहे. तिने तिथं खुशाल मोबाईल रिचार्जचं दुकान काढावं. ऋषिकेशला गाळ्यातली एक वीटही नाही.

कलम ६. वरचं सगळं लिहून झालं, सही तेवढी राहिली होती. साक्षीदार येईपर्यंत शेवटचं एकदा त्या म्हाताऱ्याला बघून घ्यावं म्हणून फोन घेतला आणि दोनशे तेराव्यांदा मेलो. वैतागून फोन कुसुमावतीच्या हातात दिला. म्हणालो, "घे, तूच बघ तुझ्या पोराचे प्रताप."

तिने जन्मात खेळ खेळलेला नाही. फोन हातात धरून ती नुसती बघत बसली. म्हाताऱ्याने वहाणा फेकल्या, फायली फेकल्या, तांब्या फेकला. ही एक बटण दाबेल तर शपथ. वस्तू इकडून तिकडून जात होत्या, पण एकही तिला लागेना. मग म्हाताऱ्याच्या हाताला फेकायला काही राहिलं नाही. त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, इकडंतिकडं पाहिलं, दगडावर बसला आणि हाताने वाट दाखवली. पाचवा टप्पा सुरू झाला. एक रुपया लागला नाही.

"काय दाबलंस?" मी ओरडलो.

"काही नाही. सदतीस वर्षं तुमच्यापुढं मी हेच करते," असं म्हणून ती पोळ्या लाटायला गेली.

मी चष्मा शोधू लागलो. तो कपाळावर होता.

मग मीच ऋषिकेशला फोन लावला. म्हणालो, "हलकटा, तो म्हातारा मी आहे होय?"

तो म्हणाला, "हो बाबा."

"आणि फुकट जायची वाट मुद्दाम ठेवलीस?"

"कंपनीला माहीत नाही. तुम्हीच सांगायचात ना, हरणारा स्वतःच्या चुकीने हरला पाहिजे. जो म्हाताऱ्याशी भांडतो, तो मरतो. जो थांबतो, त्याला तो सोडतो. लहानपणापासून मला एवढंच समजलेलं आहे."

"कोणाला सापडली आजपर्यंत ती वाट?"

"एक तुम्हाला."

"मला नाही रे. तुझ्या आईला."

तो हसला. सहा महिन्यांनी हसलेला ऐकला. मला हसू आलं नाही, मला रडू आलं. कचेरीच्या सवयीने तेही नमूद करतो.

सबब कलम ५ रद्द समजावं. एकाच मृत्युपत्रातली दोन कलमं एकमेकांविरुद्ध गेली तर शेवटचं ग्राह्य धरतात, त्यामुळे दुसरा स्टॅम्प पेपर आणत नाही. गाळा ऋषिकेशचा, आणि मी मरायची वाट न पाहता त्याने येत्या एक तारखेपासूनच ताबा घ्यावा. समृद्धीला मी हे सांगितलं आहे. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कलम पाच लिहिलंत तेव्हाच मला माहीत होतं." ही दोन्ही मुलं आईवर गेली आहेत.

माझं फेकून झालं आहे. मी बसतो. त्याने पुढं जावं.

ठिकाण: जव्हार
दिनांक: ९ मे २००८

(सही) बळवंत नारायण शिरसाठ

वरील इसमाने आमच्यासमोर, शुद्धीवर असताना आणि डोळे पुसत सही केली. आम्ही दोघांनी त्याच्यासमोर सह्या केल्या.

१. (सही) देवराम लक्ष्मण वाघ, निवृत्त शिक्षक, जामसर
२. (सही) हरेश मोहन ठक्कर, किराणा दुकानदार, जव्हार. कलम ६ वाचताना मला हसू आवरलं नाही, त्यामुळे सही थोडी हलली आहे. ती माझीच आहे.