काकांच्या वावरातली पाटीभर माती

प्रिय आबा,

आज दुपारी खालच्या तुकड्यातलं हरभऱ्याचं एक रोप उपटून पाहिलं. मुळांवर एकही गाठ नाही. भीतीने काही सुचेना. तुम्हाला नाही तर कोणाला सांगू?

तुम्ही गेल्यावरचं हे पहिलं पीक. ते गेलं तर तुकडा बटाईने देऊन टाकू, असं आई आताच म्हणते.

जिवाणू खताचं पाकीट हरभऱ्याचंच होतं, मी नीट वाचून घेतलं होतं. पण गुळाचं पाणी आईने चुलीवरून उतरवलं आणि तशा गरम पाण्यातच खत कालवून बियाण्याला लावलं. तुम्ही आधी निववून घ्यायचात ना? जिवाणू त्यातच मेले असणार.

कृषी सहायक सांगत होते, मूळ मातीत खूण सोडतं. ती ओळखणारा जिवाणू उलट खूण करतो. पटली तरच मूळ त्याला आत घेतं, तिथे गाठ धरते आणि तो हवेतलं नत्र पिकाला देतो. सोयाबीनचा जिवाणू हरभऱ्याला चालत नाही. आपल्या तुकड्यात आजवर फक्त केळी. म्हणजे मुळं हाका मारतायत आणि ओ द्यायला मातीत कोणीच नाही! मला झोप लागत नाही, आबा.

नव्या जागी हरभरा पेरताना तुम्ही जुन्या वावरातली पाटीभर माती आणायचात. वाटणीत तेच वावर काकांना देताना हे कसं सुचलं नाही तुम्हाला? त्या वाटणीपासून आई त्यांच्याशी बोलत नाही. त्यांच्या बांधावर पाय ठेवायचा नाही, अशी शपथ घातलीय मला.

तरी गेलो. काका म्हणाले, युरिया टाक आणि मोकळा हो. मग त्यांनी माझ्या हातातली रिकामी पाटी पाहिली. माती दिली की वावराची बरकत जाते, हे तुम्ही दोघं भाऊ सारखंच मानायचात. त्यांनी बिडी विझवली.

“वावरनी माटी कोणले देतस नही रे भाऊ,” ते म्हणाले. “चोरीसन लई जाय. मी तथा देखाव नही.”

आणि खरंच पाठ फिरवून बसले.

माती पाण्यात कालवून मुळांशी दिली. उशीर झालाय. आणि नुसता खाणारा, काही न देणारा जिवाणू आत शिरला तर? असेही असतात म्हणे.

पुन्हा एक रोप उपटीन, आबा. गाठ असेल तर नखाने फोडून बघीन, आत लाल निघते का; लाल म्हणजे जिवाणू कामाला लागला. काहीही निघो, गुळाच्या पाण्याचं आईला कधीच सांगणार नाही. माती कुठली, ते मात्र नक्की सांगीन.

तुमचा,
भूषण