मुलगा नापसंत, स्पीकर पसंत

कोलोन, रविवार

ती. स्व. मनोरमामावशीस,

कोलोनहून प्रणवचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा दुखतोय, तेव्हा आठातलं एक अंग तूर्त वजा धर.) तुझा बीपी, तुझ्या कुंडीतला गवती चहा आणि शेजाऱ्यांशी चाललेलं पार्किंगचं भांडण ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. मी इथे मजेत आहे. म्हणजे तू माझं आयुष्य मार्गी लावायला घेतल्यापासून माणसाला जितकं मजेत राहता येतं तितका.

विषय ईप्सिताचा. तू आणलेल्या स्थळांपैकी हे पहिलंच, ज्यात मुलीनं मला गिअरबॉक्स म्हणजे काय हे विचारलं आणि उत्तर संपेपर्यंत जागी राहिली. चार महिने आम्ही रोज फोनवर बोलतोय, आणि उगाच आढेवेढे न घेता सांगतो, मला ती फार आवडते. (हे वाक्य आईला वाचून दाखवू नकोस.) घोडं अडलं होतं तिच्या वडिलांपाशी. बायोडाटात तू 'संगीताची आवड' असं ठोकून दिलंस, त्यामुळे आत्मारामकाका खूश. आवड आहेच गं, पण ती जपानी जॅझची आहे, एवढं लिहायला तुझ्या पेनातली शाई नेमकी संपली असावी. काका पडले मिरजेचे. तिथे तंबोरे बनतात, म्हणून सूर नावाची वस्तू जगाला मिरजेहूनच पार्सलने जाते अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी झाली, तिथे पाणी कुठवर पोचलं माहीत नाही, पण कान मात्र भलतेच तयार झालेत.

तर काका आले होते हायडेलबर्गला मुलाकडे, ओजसकडे. तिथून 'कोलोनचं चर्च बघायला' म्हणून शुक्रवारी माझ्याकडे दाखल झाले, मुक्काम मंगळवारपर्यंत. चर्चकडे त्यांनी काल मान वर करून एकदा पाहिलं, "उंच आहे" असा अभिप्राय दिला आणि म्हणाले, आता तुमचं संगीत दाखवा. माझ्या ज्या डोक्याला इथली गिअरबॉक्सची कंपनी महिन्याच्या महिन्याला पगार देते, त्याच डोक्यातून कल्पना निघाली की काकांना हेर (इथले श्रीयुत) श्टाइनमानच्या कॅफेत न्यावं.

हे प्रकरण समजून घे. जपानमध्ये जॅझ ऐकायची कॅफे असतात. मालकाच्या रेकॉर्डी, कपाटाएवढे स्पीकर, आणि गिऱ्हाइकांनी कॉफी घेऊन गुपचूप ऐकायचं; बऱ्याच ठिकाणी बोलायला सक्त बंदी. श्टाइनमान निवृत्त दंतवैद्य. जन्मभर लोकांना तोंड उघडायला लावल्याचं प्रायश्चित्त म्हणून त्यांनी असंच एक कॅफे इथे काढलं आणि आता सगळ्यांची तोंडं बंद करतात. नियम दोन. रेकॉर्ड चालू असताना बोलायचं नाही, आणि आधी मागवलेलं पुन्हा हवं असेल तर मुकाट्यानं उघडा तळवा दाखवायचा. पहिला नियम मी काकांना सांगितला. ते खूशच झाले, युरोपात आल्यापासून पहिलं सुसंस्कृत ठिकाण बघतोय म्हणाले. दुसरा नियम सांगितला नाही. म्हटलं, मागवणार मीच आहे, त्यांना काय करायचंय? इथे माझी माती झाली.

मी आधीच फर्माइश देऊन ठेवली होती, जुन्याकडून नव्याकडे अशी. आधी तोशिको आकियोशीचा बिग बँड. ही बाई जपानमधून अमेरिकेत गेली आणि तिथल्या भल्यामोठ्या पितळी ताफ्यात तिनं जपानी ढोलकं आणून बसवली. तीनच ठोके ऐकून काकांची एक भुवई वर गेली. (मिरजेत याला अर्धी बिदागी समजतात.) मग साप्पोरोचा रियो फुकुई. यानं बाविसाव्या वर्षी पियानो शिकायला घेतला, तोही आपला आपण. माझ्या बाविसाव्या वर्षी तू 'आता काय शिकणार, वय गेलं' म्हणाली होतीस, ते असो. मग ऐंशीच्या दशकातला कॅसिओपिया. तो ऐकला की नवीकोरी गाडी घेऊन पहिल्यांदा हमरस्त्याला लागल्यासारखं वाटतं. यावर काकांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. हायसं वाटलं.

आणि मग लागला क्योतोकडच्या पोरांचा एक नवा बँड. (नाव सांगून उपयोग नाही, तू 'काय?' म्हणशील.) चीज सात मात्रांत. काकांचे डोळे खाडकन उघडले आणि मांडीवर हात सुरू झाला. सात मात्रा म्हणजे त्यांच्या लेखी रूपक. आणि रूपकात पहिल्याच मात्रेला टाळी नसते, खाली असते, तिथे हात उघडा करून बाजूला टाकायचा, हे तुला ठाऊक आहेच. (तू सहा महिने तबल्याच्या क्लासला जात होतीस, गल्लीला अजून आठवतं.) काकांनी तळवा उघडला. श्टाइनमाननी पाहिलं आणि मी काकांसाठी मागवला होता तसाच सफरचंदाच्या रसाचा सोडा घातलेला आणखी एक ग्लास आणून ठेवला. सात मात्रांनी पुन्हा तळवा, पुन्हा ग्लास. पोरं वाजवत होती द्रुत लयीत, श्टाइनमान धावत होते विलंबितात, पण जर्मन माणूस तो, राहिलेल्या ग्लासांचीही मनात नोंद ठेवत होता. टेबलावर रसवंतीगृह उभं राहिलं. काकांना वाटलं, काय अगत्य आहे! आणि समोर आलेलं टाकायचं नाही हा तर घरचा संस्कार. ते पीत राहिले. तालाला धक्का न लावता, डाव्या हातानं.

मी काय करणार? मी कुजबुजलो. काकांच्या कानात मराठीत, की कृपा करून हात आवरा. श्टाइनमानच्या कानात जर्मनमध्ये, की हे मागवत नाहीयेत, ताल धरतायत. ते "या, या" (म्हणजे हो, हो) म्हणून मान डोलवायचे आणि पुढचा ग्लास आणायचे. पुन्हा मराठी, पुन्हा जर्मन. शेजारची बाई माझ्याकडे असं बघत होती, जसं मी इथल्या सक्तीच्या शांत रविवारी भिंतीत ड्रिल चालवतोय. एवढा रस पोटात गेल्यावर जे व्हायचं ते झालं, काका उठले. स्वच्छतागृहाची वाट नेमकी दोन स्पीकरांच्या मधून. ते बरोबर मध्यावर पोचले आणि इतका वेळ सम लपवून खेळवणारा तो ड्रमवाला पोरगा धाडकन समेवर आला. काका जागच्या जागी थांबले, हात वर केला आणि कृष्णेच्या पलीकडच्या तीरावर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "व्वा! क्या बात है!"

श्टाइनमाननी सुई उचलली. मी मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली. ते चालत काकांसमोर आले आणि चक्क कमरेत वाकले. मग माझ्याकडे वळले. म्हणाले, हे कॅफे काढल्यापासून इथे खऱ्या अर्थानं कुणी ऐकलं असेल तर या गृहस्थांनी. दाद हा संगीताचाच भाग आहे, गेनाऊ (अगदी बरोबर). आपण मात्र, हेर प्रणव, रेकॉर्डची अख्खी बाजू बोलत होतात. तेव्हा आपल्याला हाउसफरबोट. (म्हणजे इथे पुन्हा पाऊल टाकायचं नाही. या देशात हा शब्द नम्रपणे उच्चारतात.) काकांना मात्र दर शनिवारचं आमंत्रण!

मी सहानुभूतीसाठी काकांकडे पाहिलं. ऱ्हाइनच्या काठानं परत येताना ते हातावर सात मात्रा मोजत चालले. शेवटी म्हणाले, "प्रणवराव, तुम्ही सज्जन आहात, नोकरी उत्तम आहे. पण गाणं चालू असताना तुम्ही बोलता. अशा घरात मुलगी द्यायची म्हणजे..." घरी येऊन मात्र माझ्या खुर्चीत बसले, माझ्या रेकॉर्डी माझ्याच स्पीकरांवर ऐकायला घेतल्या आणि तेव्हापासून हललेले नाहीत. सकाळपासून 'फॉक्स कॅप्चर प्लॅन' नावाचं नवं त्रिकूट चालू आहे. पोरं बरी आहेत म्हणाले.

तेव्हा हे स्थळ मोडलं असं समज. मला काही वाटलेलं नाही. खोटं कशाला बोलू, वाटतंय गं. फार वाईट वाटतंय. चार महिन्यांत तिच्याशी बोलायची इतकी सवय झालीय की आज सकाळी चहा उतू गेला तेव्हाही आधी तिलाच सांगावंसं वाटलं. तुझी तब्येत जप.

तुझा भाचा,
प्रणव

ता. क. वरचा परिच्छेद खोडला असं धर. आत्ताच ईप्सिताचा फोन आला. काकांनी नकार कळवल्यावर ती म्हणे खो खो हसली. त्यांच्या घरी रेडिओवर गाणं लागलं की आई मीठसुद्धा खुणेनं मागते. ती चौथीत होती तेव्हा भैरवी चालू असताना तिच्या हातून चमचा पडला, तर तो विषय अजून निघतो. गाण्यात बोलणारा नवरा मिळावा म्हणून तिनं नवस बोलायचं तेवढं बाकी होतं. 'बाबांना न चालण्याचं हे कारण असेल तर मला पसंत' असं तिनं त्यांना फोनवर स्पष्ट सांगितलंय. त्यावर काका म्हणाले, रेकॉर्ड संपल्यावर बोलू.

ता. क. २. मग तिनं मला सरळ विचारलं, तुझं काय? तोंडानं सांग, टाइप केलेलं 'हो' मला गॅस एजन्सीकडूनही येतं. मी तोंड उघडलं, आणि काकांनी नवी रेकॉर्ड लावून ओठांवर बोट ठेवलं. मी फोन ठेवला! भ्यालो गं. आता ती तिकडे वाट बघतेय. बाहेर जावं, तर ऐकायची सगळ्यात चांगली जागा नेमकी दारापुढे आहे आणि तिथे काका खुर्ची टाकून बसलेत. बाथरूममधून कुजबुजलो तर खाकरतात. बाल्कनीतून ओरडावं, तर रविवार, रूहेत्साइट म्हणजे कायद्यानं शांततेची वेळ, शेजारी पोलिस बोलावतील. म्हणून या पानांचे फोटो तुला पाठवतोय. मावशी, हातातलं काम टाक, तिला फोन लाव आणि माझ्या वतीनं खणखणीत 'हो' म्हण. पदरचं एक अक्षर घालू नकोस.

ता. क. ३. तिनं विचारलं तर हेही सांग, आमच्या घरात रेकॉर्ड चालू असताना तिनं पोटभर बोलावं, चमचे पाडावेत, मीठ ओरडून मागावं. फक्त हिरोमी उएहाराचा पियानो लागला असेल तेव्हा नको. तेव्हा कुणी बोललेलं मला खपत नाही.